सांडलेले दाणे आणि हरीण

दुसरबीड परिसरात सोयाबीनची सोंगणी उरकली की तडकलेल्या शेंगांचे दाणे रानात पडून राहतात. पुढे थंडीत कोवळा हरभरा असतो. काळवीट, रोही तिकडे वळणारच. हे दाणे कोणी आमिष म्हणून टाकलेले नसतात. तरी मान खाली घालून खाणारे जनावर सहज टप्प्यात येते. अशा वेळी कोणी फासे घेऊन निघत असेल आणि मुलांनाही ‘मजा’ दाखवायला नेत असेल, तर आम्हाला ते खटकते.

शिकार हलाल आहे, हे खरे. पण सूरह माइदाच्या 94 व्या आयतीत, एहरामच्या संदर्भात, हाताशी आलेल्या शिकारीलाच परीक्षा ठरवले आहे. शिवाय बुखारी व मुस्लिममधील हदीसनुसार पेरलेल्या पिकातून पशुपक्ष्याने खाल्ले तर पेरणाऱ्याला सदक्याचे पुण्य मिळते. मग त्याच सदक्यावर आलेले जनावर मारायचे? ‘अब्बू, ते तर जेवत होतं ना?’ असे लेकराने विचारले तर काय सांगणार?

कायदाही स्पष्ट आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. शिकारीला तीन ते सात वर्षे कैद होते.

पिकाचे नुकसान मात्र खरे असते, रात्रीची जागलही. त्यासाठी वनविभागाकडे लगेच अर्ज करावा. पंचनामा होऊन भरपाई मिळते.

मुलांना न्यायचेच तर पहाटे बांधावर न्यावे. काळ्या मातीत उमटलेले खूर दाखवावेत. काळविटाचे कोणते, रोह्याचे कोणते, हे गावातली जाणती माणसे सांगतात.