कोळशाची भुकटी : न दिसणारा विस्तव

आपल्या धंद्यात विजेची आठवण दोन वेळा होते. बिल येते तेव्हा आणि माग बंद पडतो तेव्हा. मालेगाव असो, भिवंडी असो की इचलकरंजी, बटण दाबले की माग चालला पाहिजे, एवढाच आपला हिशेब. ती वीज जिथे तयार होते तिथे कोणते हात राबतात, याची चौकशी आपण करत नाही. मीही केली नव्हती. माझा एक भाचा वीजकेंद्रात कंत्राटी कामावर लागला आणि चौकशी करावी लागली.

त्याचे काम कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांच्या खालची झाडलोट करण्याचे. एकदा सुट्टीला आला तेव्हा म्हणाला, "मामू, कोळशातून धूर येतो, पण विस्तव दिसत नाही." मी हसून सोडून दिले. पुढे एके दिवशी कोणी साहेब तपासणीला येणार म्हणून मुकादमाने घाई केली. तुळयांवर साचलेली भुकटी हवेच्या नळीने उडवायला सांगितले. भुकटीच्या थराखाली कुठेतरी निखारा होता. एक भपका झाला आणि पोराचे दोन्ही हात व चेहरा भाजला. जीव वाचला, पण दीड महिना घरी बसला. त्या दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळीच.

भुकटी का पेटते?

कोळशाचा मोठा खडा आगकाडीने पेटत नाही, हे सायझिंगच्या भट्टीवर काम करणारा प्रत्येक जण जाणतो. पण तोच खडा पिठासारखा दळला की मामला बदलतो. प्रत्येक कणाला चहूबाजूंनी हवा लागते आणि सगळे कण जवळजवळ एकाच वेळी जळतात. वीजकेंद्रात कोळसा मुद्दाम असाच दळतात. चक्कीतून निघालेल्या भुकटीपैकी साधारण ७० टक्के भुकटी २०० नंबरच्या चाळणीतून, म्हणजे ०.०७५ मिलिमीटरच्या छिद्रातून, खाली पडावी लागते. गरम हवेच्या झोताने ती बॉयलरमध्ये जाते. तिथे ती जळणे हेच तिचे काम. धोका आहे तो वाटेत सांडलेल्या भुकटीचा.

दुसरी गोष्ट, कोळसा आपोआप तापतो. हवेतील प्राणवायूशी त्याचा सावकाश संयोग होत राहतो आणि उष्णता निर्माण होते. ढिगात हवा शिरावी एवढी जागा असली, पण उष्णता बाहेर जायला वाट नसली, की आतल्या आत निखारा तयार होतो. म्हणून जाणकार लोक कोळशाचा ढीग थराथराने दाबून रचतात आणि आधी आलेला माल आधी काढतात. आपल्याकडे तेलात भिजलेल्या चिंध्या कोपऱ्यात दाबून ठेवल्या तर त्या आपसूक पेटतात, त्याच जातीचा हा प्रकार आहे.

दुसरा स्फोट मोठा

१ फेब्रुवारी १९९९ रोजी अमेरिकेत डिट्रॉइटजवळ फोर्ड कंपनीच्या रूज कारखान्याच्या वीजघरात बॉयलरमधील गॅसचा स्फोट झाला. त्या हादऱ्याने इमारतीत साचलेली कोळशाची भुकटी हवेत उडाली आणि तिचाही स्फोट झाला. सहा कामगार प्राणास मुकले. अशा दुर्घटनांत नेहमी हाच क्रम आढळतो. पहिला भडका लहान असतो. तो तुळया, छत आणि पत्र्यांवरची धूळ खाली झटकतो आणि दुसरा भडका त्या धुळीचा होतो. इंग्लंडमध्ये १८४४ साली हॅसवेलच्या खाणीत ९५ माणसे मेली, तेव्हा मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने चौकशीत कोळशाच्या धुळीकडे बोट दाखवले होते. म्हणजे ही माहिती आजची नाही.

हा फक्त कोळशाचा प्रश्न आहे असे समजून कोणी निश्चिंत राहू नये. १५ मार्च १९८७ रोजी चीनमधील हार्बिन येथे तागासारख्या जवसाच्या धाग्याच्या गिरणीत धुळीचा स्फोट झाला. ५८ कामगार मेले आणि १७७ जखमी झाले. ती आपल्याच धंद्याची गिरणी होती.

काय करावे?

इलाज महागडे नाहीत. थर साचूच देऊ नये. सुमारे पाऊण मिलिमीटरचा थर, म्हणजे कागदाला लावायच्या टाचणीच्या तारेएवढी जाडी, मोठ्या जागेवर पसरली तरी धोक्याची मानतात. धूळ हवेच्या नळीने कधीही उडवू नये. ती ओली करून किंवा त्यासाठीच बनवलेल्या व्हॅक्यूम यंत्राने काढावी. धुमसणाऱ्या भुकटीवर पाण्याची जोरदार धार मारू नये. धारेने भुकटी उडते आणि धुमसणे जाऊन भडका होतो. बारीक फवारा हळूहळू मारावा. पट्ट्याखालचा अडकलेला रोलर घासून लाल होतो, तो ताबडतोब बदलावा. चक्की बंद करताना आतला कोळसा संपवूनच बंद करावी. जिथे धूळ आहे तिथे वेल्डिंगला हात लावण्यापूर्वी जागा साफ करावी.

१९४८ च्या कारखाने कायद्यात स्फोटक धुळीसाठी ३७ वे कलम स्वतंत्र घातले होते. म्हणजे सरकारला धोका तेव्हाच ठाऊक होता. कायदा कागदावर राहतो, झाडू मात्र कंत्राटी मजुराच्या हातात असतो. त्याला धोका कोणी समजावून सांगत नाही, आणि समजला तरी रोजी जाईल म्हणून तो तोंड उघडत नाही.

ज्यांच्या सायझिंगला कोळसा लागतो, ज्यांच्या गोदामात रुई आणि वेस्टचे गठ्ठे आहेत, त्या बांधवांनी आज संध्याकाळी शिडी लावून एकदा तुळईवर बोट फिरवून पाहावे. बोट काळे किंवा पांढरे झाले तर उद्या सकाळी माग सुरू करण्याआधी सफाई करून घ्यावी. अर्ध्या दिवसाचे उत्पादन बुडेल. माझ्या भाच्याच्या हातांवरचे डाग मात्र अजून गेलेले नाहीत.