प्रेसमधली चिप

नाशिकरोडला ‘पोरगा प्रेसमध्ये लागला’ म्हटलं, की कुठल्या प्रेसमध्ये हे कुणी विचारत नाही. टपाल तिकिटं पूर्वी लंडनहून छापून यायची. १९२५ च्या सुमारास इथं इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि १९२८ पासून शेजारीच नोटा छापायला सुरुवात झाली.

२०१५ साली ‘डिजिटल इंडिया’ आलं, पुढच्याच वर्षी यूपीआय. आता छापखान्याचं काय, ही शंका रास्तच होती. पण मार्च २०१६ मध्ये चलनात साधारण साडेसोळा लाख कोटींच्या नोटा होत्या, त्या मार्च २०२५ पर्यंत छत्तीस लाख कोटींच्या वर गेल्या. भाजीवाल्यानं क्यूआर कोड लावला म्हणून गल्ला रिकामा झालेला नाही.

कागदावरचा विश्वास डळमळला तो मुद्रांकांमुळे. अब्दुल करीम तेलगीनं प्रेसमधली भंगारात काढलेली यंत्रं मिळवून बनावट स्टॅम्पपेपर देशभर खपवले. छपाई कितीही अवघड केली, तरी यंत्र हाती आलं की नक्कल होते, हे तेव्हा कळलं.

याच प्रेसमध्ये छापल्या जाणाऱ्या पासपोर्टमध्ये आता चिप आहे. मुखपृष्ठावर खालच्या बाजूला लहानसं सोनेरी चिन्ह दिसलं, की तो ई-पासपोर्ट. चिपला बॅटरी नसते. वाचकयंत्राजवळ नेल्यावर त्याच्याच रेडिओलहरींवर ती जागी होते. फोटोच्या पानाच्या तळाशी ‘पी’ आणि ‘आयएनडी’पासून सुरू होणाऱ्या, बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळी असतात. यंत्र आधी त्या वाचतं. पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत यांतून किल्ली तयार होते, तेव्हाच चिप बोलते. म्हणजे खिशातला बंद पासपोर्ट शेजारच्याला सहजासहजी वाचता येत नाही.

खरी मेख पुढे आहे. चिपमधल्या माहितीवर सरकारची डिजिटल सही असते. ती करण्याची किल्ली गुप्त, तपासण्याची उघड. फोटोचा एक ठिपका जरी बदलला, तरी परदेशातल्या विमानतळावर सही जुळत नाही. इथं तेलगीचा मार्ग चालणार नाही, कारण चोरण्यासारखं यंत्रच नाही. जपायची आहे ती गुप्त किल्ली. तीच फुटली, तर मात्र तेलगीचा घोटाळा किरकोळ वाटेल.

देशाचा पहिला ई-पासपोर्ट २००८ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना मिळाला. सामान्यांसाठी प्रायोगिक सुरुवात व्हायला १ एप्रिल २०२४ उजाडला, त्यात नागपूरही होतं. सोळा वर्षं! ‘क्रांती’ हा शब्द सरकारी जाहिरातींत फार स्वस्त झालाय.

जुना पासपोर्ट घाईनं बदलायची गरज नाही, मुदत संपेपर्यंत तो चालतो. आणि चिप बिघडली, तर? आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तेवढ्यानं पासपोर्ट बाद होत नाही. अधिकारी पान उलटतो, उजेडात धरतो आणि छपाई तपासतो.