गादी कोणाची?

गेल्या पावसाळ्यांत मधल्या सुट्टींत आमच्या वर्गांतील दोन विद्यार्थी मोठ्या आवेशानें भांडत होते. विचारपूस करितां कळलें कीं, भांडण एका राज्यावरून होतें. आणि तें राज्य पृथ्वीतलावर कोठेंच नसून संगणकावरील एका ऑनलाइन खेळांत होतें. एकानें कट करून दुसऱ्याच्या राजास पदच्युत केलें होतें. "माझा दावाच खरा होता," असें त्याचें म्हणणें. "तो दगा होता," असें दुसऱ्याचें. शेवटीं "सर, गादी कोणाची तें तुम्हीच सांगा," असें म्हणून उभयतांनीं आम्हांस पंच नेमलें. आम्हीं त्या दिवशीं निवाडा दिला नाहीं. कां दिला नाहीं, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम या खेळांची रचना थोडक्यांत पाहूं. स्वीडन देशांत तयार झालेल्या 'क्रूसेडर किंग्ज' या खेळाचें उदाहरण घ्या. त्याचा दुसरा भाग 2012 सालीं व तिसरा 2020 सालीं निघाला. दुसऱ्या भागांत 2014 पासून हिंदुस्थानांतील राजेही आले. खेळणारा एका राजाची भूमिका घेतो. राजा मेला म्हणून खेळ संपत नाहीं. त्याच्या वारसाची भूमिका घेऊन तो पुढें चालतो. घराण्यांत वारस उरला नाहीं म्हणजे मात्र खेळ खलास. गादी मिळविण्याचे मार्ग स्थूलमानानें तीन: वारसा, दावा आणि कट. शिवाय अनेकजण एकत्र खेळत असल्यास आपल्याहून बलवान असा मित्र साहाय्यास बोलावितां येतो. या शेवटल्या सोयीकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें, कारण आमचें सांगणें तिच्याविषयींच आहे.

हे सारे प्रकार आपल्या विदर्भास नवीन नाहींत. देवगडच्या गोंड राजघराण्यांतील बख्त बुलंद या राजानें नागपूर वसविलें. त्याचा पुत्र चांद सुलतान 1739 च्या सुमारास वारला, तेव्हां वालीशहा नामक बख्त बुलंदाच्या एका अनौरस पुत्रानें गादी बळकाविली. विधवा राणीनें आपल्या मुलांच्या हक्कासाठीं रघूजी भोसले यांस साहाय्यास बोलाविलें. रघूजींनीं वालीशहास हटविलें, राणीच्या मुलांस गादी दिली, व आपला मोबदला घेऊन ते परत गेले. येथपर्यंत न्यायच झाला असें म्हणावयास हरकत नाहीं. परंतु पुढें अकबरशहा व बुऱ्हाणशहा या दोघां भावांतच कलह माजला, आणि रघूजी पुनः आले. या वेळीं मात्र ते परत गेले नाहींत. 1743 सालीं अकबरशहा देशोधडीस लागला, बुऱ्हाणशहाकडे राजा ही पदवी व नेमणूक राहिली, आणि राज्य भोसल्यांचें झालें. पंच म्हणून जो दाराशीं आला, तोच घरधनी होऊन बसला.

या धड्यापासून भोसल्यांचें घराणें कांहीं शिकलें काय? जानोजी भोसले यांस पुत्र नव्हता. आपले बंधु मुधोजी यांचा पुत्र रघूजी यास दत्तक घेण्याचें त्यांनीं ठरविलें, आणि त्यास पेशव्यांची संमति मिळविली. परंतु 1772 सालीं जानोजी वारतांच दुसरे बंधु साबाजी यांनीं कारभारावर हक्क सांगितला. पुणें दरबारांतही त्या वेळीं दुफळी होती. त्यामुळें दोघांही भावांस तेथें पाठीराखे मिळाले आणि तंटा अधिकच चिघळला. जानेवारी 1775 मध्यें नागपुरानजीक पांचगांव येथें दोन्ही सैन्यांची गांठ पडली. मुधोजींचा हत्ती शत्रूनें वेढला. साबाजी आपला हत्ती जवळ आणून त्यांस शरण येण्यास सांगूं लागले, तोंच मुधोजींनीं पिस्तूल झाडलें व साबाजी जागच्या जागीं ठार झाले. एका भावाच्या हातानें दुसरा भाऊ मेला, तेव्हां मुधोजींच्या पुत्राची गादी निर्वेध झाली.

तोच पुत्र म्हणजे दुसरे रघूजी. ते 22 मार्च 1816 रोजीं वारले. त्यांचे पुत्र परसोजी हे शरीरानें व बुद्धीनें पंगु असल्यामुळें कारभार पाहण्यास असमर्थ होते. चुलतबंधु आप्पासाहेब यांस कारभार हवा होता, आणि राजवाड्यांतील दुसरा पक्ष त्यांच्या विरुद्ध होता. आप्पासाहेबांनीं इंग्रजांस जवळ केलें. दुसऱ्या रघूजींनीं हयातभर टाळलेला तैनाती फौजेचा तह आप्पासाहेबांनीं त्याच वर्षीं मे महिन्यांत करून दिला. पुढें 1 फेब्रुवारी 1817 रोजीं परसोजी अंथरुणांत मृत आढळले. आप्पासाहेब त्या वेळीं चांद्यास होते. परंतु तो खून होता असें मागाहून उघडकीस आलें व त्याचा ठपका त्यांच्यावरच ठेवण्यांत आला. ते गादीवर बसले खरे, पण बोलाविलेला पाहुणा आतां जाईना. 26 व 27 नोव्हेंबर 1817 रोजीं सीताबर्डीच्या लढाईंत त्यांच्या सैन्याचा मोड झाला, आणि मार्च 1818 मध्यें ते कैद झाले.

येथें आपल्या केळापूर तालुक्याचा संबंध येतो. आप्पासाहेबांनीं दुसऱ्या बाजीराव पेशव्यांशीं संधान बांधलें होतें. पेशवे चांद्याच्या रोखानें येत असतां 17 एप्रिल 1818 रोजीं पांढरकवड्यानजीक शिवणी येथें कर्नल ॲडम्स याच्या फौजेनें त्यांस गांठलें, आणि त्यांच्या सैन्याची दाणादाण उडाली. 3 जून रोजीं बाजीराव शरण गेले. आप्पासाहेब कैदेंतून निसटले, परंतु गादी त्यांस पुनः मिळाली नाहीं. 1840 सालीं ते दूर जोधपूर येथें वारले. पुण्याची गादी व नागपूरची गादी, या दोन्ही दीपांची वात जेथें एकत्र विझूं लागली, ती जागा आपल्या शाळेपासून फार लांब नाहीं. एवढें मोठें वर्तमान आपल्या शिवारांत घडलें, हें आमच्या विद्यार्थ्यांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असतें.

नागपुरास इंग्रजांनीं दुसऱ्या रघूजींच्या मुलीच्या मुलास, परसोजींच्या विधवा राणीचा दत्तक म्हणून, 26 जून 1818 रोजीं गादीवर बसविलें. हे तिसरे रघूजी. ते अल्पवयी असल्यामुळें बांकाबाई त्यांच्या पालक झाल्या, आणि कारभाराचीं सूत्रें रेसिडेंट जेंकिन्स याच्या हातीं राहिलीं. पुढें 11 डिसेंबर 1853 रोजीं तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. त्यांनीं दत्तकही घेतला नव्हता. राण्यांनीं दत्तकासाठीं खटपट केली. लॉर्ड डलहौसीनें ती मानली नाहीं व 1854 सालीं राज्य खालसा केलें. राजवाड्यांतील हत्ती-घोडे लिलावांत निघाले. घराण्यांतील दत्तकास पुढें राजेबहादूर ही पदवी मिळाली, राज्य नाहीं. बुऱ्हाणशहाची पदवी राहून राज्य गेलें, त्यास तोंपर्यंत 111 वर्षें झालीं होतीं. जें माप भोसल्यांनीं गोंड राजांच्या पदरांत घातलें, तेंच माप त्यांच्या पदरांत आलें.

यावरून काय दिसतें? गादी कट करणाऱ्यामुळें जाते असें आपण समजतों. परंतु देवगडची गादी वालीशहानें घालविली नाहीं, आणि नागपूरची साबाजींनीं घालविली नाहीं. वारशाचा असा नियम, जो सर्वांस आधीं ठाऊक आहे व हरणाऱ्यासही मान्य आहे, तो नसल्यामुळें त्या गेल्या. नियम नसला म्हणजे बळ लागतें. आपलें बळ अपुरें पडलें म्हणजे परक्याचें आणावें लागतें. आणि परक्याचें बळ फुकट मिळत नाहीं. इंग्लंडांत 1701 सालीं पार्लमेंटानें गादीच्या वारशाचा कायदा केला व 2013 सालीं त्यांत सुधारणा करून मुलींस मुलांबरोबरीचा हक्क दिला. 8 सप्टेंबर 2022 रोजीं राणी एलिझाबेथ वारल्या, त्याच क्षणीं त्यांचे पुत्र राजे झाले. कोठें तरवार उपसली गेली नाहीं. आपल्या देशानें तर 26 जानेवारी 1950 पासून राजाची गादीच काढून टाकली. सत्ताधारी बदलावयाचा तर आतां मतपेटी आहे. ती हरणाऱ्याचाही जीव राखते, व पांच वर्षांनीं त्यास पुनः उभें राहूं देते. हा लाभ साबाजींस नव्हता, परसोजींस नव्हता.

खेळांतही हें सारें शिकतां येईल, परंतु एक गोष्ट तेथें दिसत नाहीं. खेळांत सैन्य बोटाच्या एका टिचकीनें चालतें. प्रत्यक्षांत तें कोणाच्या तरी उभ्या पिकांतून, कोणाच्या तरी विहिरीचें पाणी उपशीत जातें. दावा राजाचा असतो, पण त्याची किंमत मोजतो तो शेतकरी. त्याचें नांव वंशावळींत कधींच येत नाहीं.

दुसरे दिवशीं त्या दोघां विद्यार्थ्यांस बोलावून आम्हीं ही हकीकत सांगितली आणि म्हटलें, "बाळांनो, आम्हांस पंच करूं नका. खेळावयास बसण्यापूर्वीं तुम्हीच नियम ठरवा व दोघेही त्यावर सही करा." त्यांनीं वहीच्या पानावर तीन नियम लिहून आम्हांस दाखविले. पैकीं पहिला असा होता: "परीक्षेच्या काळांत कोणीही कोणाचें राज्य घेऊं नये." त्यावर आम्हीं आनंदानें साक्षीदार म्हणून सही केली.