चावी काढल्यानंतर

गाडीत विजेवर चालणारं काहीही बसवायला गेलं की वायरिंगवाला आधी विचारतो, “डायरेक्ट द्यायची का चावीवर?” डायरेक्ट म्हणजे बॅटरीवरून थेट आलेली, कायम जिवंत वायर. चावीवर म्हणजे चावी फिरवली की चालू, काढली की बंद. टेपच्या मागे सहसा दोन्ही सापडतात, पिवळी डायरेक्ट आणि लाल चावीची. रास्पबेरी पायवर घरी जुळवलेल्या गाडीच्या कॉम्प्युटरलाही दोन्ही लागतात.

नुसत्या चावीवर तो चालतो, पण फार दिवस टिकत नाही. लिनक्स लिहायचा मजकूर लगेच कार्डावर उतरवत नाही, अर्धा-अर्धा मिनिट मेमरीत धरून ठेवतो. शिवाय एसडी कार्ड स्वतःच्या सोयीने आतला डेटा हलवत असतं. नेमकी तेव्हा वीज गेली तर उघडी फाइल बिघडतेच, पण तिच्याशी काही संबंध नसलेला भागही बिघडू शकतो. मग एका सकाळी पडदा काळाच राहतो.

डायरेक्ट दिली तर बॅटरी उतरते. शटडाउन झाल्यावरही बोर्ड आणि बारा व्होल्टचे पाच करणारा कन्व्हर्टर थोडा करंट ओढतच राहतात. ही गळती १०० मिलिअँपिअर धरली तर दिवसाला २.४ अँपिअर-तास जातात. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. आठवडाभर गाडी उभी राहिली की जवळपास निम्मी रिकामी.

म्हणून मध्ये रिले येतो. चावी लागली की रिले ओढला जातो आणि पाय सुरू होतो. सुरू झाल्यावर पाय आपल्या एका पिनवरून, ट्रान्झिस्टरमार्फत, तोच रिले धरून ठेवतो. चावी निघाली तरी वीज जात नाही. पाय सगळं आवरतो आणि अगदी शेवटी ती पिन सोडतो. चावी निघाली हे त्याला कळवायला ऑप्टोकपलर हवा, कारण पिन ३.३ व्होल्टची आणि गाडी चालू असताना लाइनवर चौदाच्या आसपास व्होल्ट असतात. थेट जोडली तर पिन जळेल.

कागदावर हे एवढंच आहे. गाडीत बसवून पाहिलं की एकेक कोपरा उघडा पडतो, आणि मला या कामातला खरा रस तिथेच वाटतो. सेल्फ मारताना बहुतेक गाड्या टेपची लाइन क्षणभर तोडतात, म्हणजे ‘चावी गेली’ हा इशारा लगेच खरा मानायचा नाही, काही सेकंद थांबून पुन्हा पाहायचं. पाय सुरू होत असतानाच चावी काढली तर पिन अजून वर आलेली नसते, आणि नको तिथेच वीज तुटते. एखादा प्रोग्रॅम अडकला तर शटडाउन लांबतं. लिनक्समधला सिस्टमडी अशा प्रोग्रॅमची मुळात ९० सेकंद वाट पाहतो. सगळंच गोठलं तर पिन कधीच सुटत नाही आणि बॅटरी रात्रभर उतरत राहते.

सगळ्यात फसवा प्रसंग वेगळाच आहे. शटडाउन सुरू झालं आणि त्याच वेळी चावी परत लावली. पाय ठरल्याप्रमाणे बंद होतो, पण आता रिले चावीने धरलेला आहे. वीज आहे आणि कॉम्प्युटर झोपलेला! या जोडणीत वीज एकदा तुटून परत आल्याशिवाय तो उठत नाही. माणूस तोवर पडद्यावर बोटं आपटत बसतो.

रिलेवरचा शेवटचा हक्क चावीलाही देऊ नये आणि पायलाही, असं माझं ठाम मत यातूनच झालं. तो एका छोट्या मायक्रोकंट्रोलरकडे असावा. अ‍ॅटटाइनी ८५ सारखी चिप झोपेत मायक्रोअँपिअरमध्ये भागवते. तिला डायरेक्ट वायरवर ठेवताना तिचा व्होल्टेज रेग्युलेटरही तितकाच काटकसरी निवडायचा. चावी आणि पाय दोघांचं ती ऐकते. शटडाउनला दोन-तीन मिनिटांची मुदत देते, ती संपली की सरळ वीज तोडते, आणि चावी मध्येच परत आली असेल तर दोन सेकंद वीज तोडून पुन्हा देते.

चावी निघाल्यावर किती थांबायचं हे मात्र गाडीच्या रोजच्या वापरावरून ठरतं. सीएनजीच्या रांगेत गाडी पुढे सरकते, बंद होते, पुन्हा सुरू होते. दर वेळी कॉम्प्युटर झोपवणं निरर्थक आहे. चालू पाय बॅटरीतून अर्धा अँपिअर घेतो असं धरलं तरी दहा मिनिटं थांबण्याची किंमत ०.०८ अँपिअर-तास आहे, तर वरच्या गळतीने एका रात्रीत १.२ जातात. त्यामुळे मी वाट पाहायला दहा मिनिटं देतो आणि गळतीशी भांडतो. प्रत्यक्ष गॅस भरायची पाळी येण्याआधी मात्र सगळं बंद असायलाच हवं. त्यासाठी डॅशबोर्डखाली एक बटण आहे. त्याची वायर कन्व्हर्टरकडे न नेता मायक्रोकंट्रोलरकडे नेली आहे, म्हणजे घाईत दाबलं तरी आधी शटडाउन पूर्ण होतं आणि मगच रिले सुटतो.