आधी कुठलं, मग कुठलं

पहाटे ५

कार्तिक चालू आहे, म्हणून दिवस काकड्याने सुरू होतो. ब्राह्मणपुरीच्या मंदिरात पेटीवर मी बसतो. ऐकणाऱ्याला वाटतं, काकड्याची साथ म्हणजे पेटीवरचं सगळ्यात सोपं काम. चाली ठरलेल्या, आठ मात्रांचा भजनी ठेका, लय संथ. पण इथे गाणारा न सांगता पट्टी बदलतो. आज काकडा गाणाऱ्या आबांनी काळी एकमध्ये धरलेली भैरवी पुढच्या अभंगाला थेट पांढरी दोनवर नेली. काळी एकच्या भैरवीत तीन काळे आणि चार पांढरे सूर येतात. पांढरी दोनला काळे दोनच, तेही वेगळ्या जागी. चाल तीच, पण बोटांची वाट सगळी नवी. वर्गात द्रुत गत सफाईने वाजवणारी मुलं इथे थबकतात. ही साथ मी अवघडातच धरतो.

सकाळी ८

वेचणीचे दिवस आहेत. कापसाचं रान आणि मजुरांचा हिशेब यात सकाळ जाते. रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडे चाललेले असतात.

सकाळी ११

आंघोळ-जेवण उरकून मुलांच्या वह्या घेतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा जवळ आल्या आहेत. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही चढण आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि त्यांच्या शिष्यांनी 1931 साली हे मंडळ उभारलं. त्यामुळेच शहाद्यासारख्या तालुक्यातलं पोरही मुंबईच्या पोराच्याच अभ्यासक्रमावर बसतं. या व्यवस्थेचं ऋण मोठं आहे.

तरीही अभ्यासक्रम रागाची पायरी सांगतो, हाताची नाही. हाताची पायरी मलाच ठरवावी लागते. पांढरी एकला भूप घेतला तर पाचही सूर पांढरे. लहान मूल पहिल्या आठवड्यात आरोह-अवरोह वाजवतं. तोच भूप काळी एकला घेतला की चार सूर काळे आणि एकटा गंधार पांढरा. अंगठा काळ्यावर ठेवायचा की टाळायचा, इथूनच प्रश्न सुरू होतो. मुलींची पट्टी निराळी, आवाज फुटलेल्या मुलांची निराळी. गात गात वाजवायचं असेल तर पट्टी गळ्याप्रमाणे घ्यावी लागते. म्हणजे एकच राग एकाला सोपा आणि शेजारच्याला अवघड.

भैरवचं कोडं याहून खोल आहे. पांढरी एकला त्यात काळे सूर दोनच, रिषभ आणि धैवत. बोटांना काहीच त्रास नाही. पण त्या रिषभाचं आंदोलन पेटीवर निघतच नाही, कारण पेटीला मींड नाही. याच उणिवेवर बोट ठेवून आकाशवाणीने 1940 ते 1971 पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं. तेव्हा रिषभावर नुसतं थांबून, भाता हलका करून भैरवचा भास द्यावा लागतो. आठवीतल्या मुलीला मी ते कसं शिकवू? म्हणून माझ्या वहीत भैरवचे सूर पहिल्या वर्षात आहेत आणि भैरव बऱ्याच पुढे.

दुपारी २

ही वेळ आज पियानोच्या कागदांना दिली आहे. अकरावीतला एक मुलगा कीबोर्ड घेऊन येतो. मोबाइलवर बघून त्याने बीथोव्हेनच्या ‘फ्युर एलिझ’ची सुरुवात बसवली आहे आणि आता पूर्ण हवी आहे. माझा हात पेटीचा. डावा हात आयुष्यभर भात्यावर राहिला, त्यामुळे दोन हातांची दोन कामं म्हणजे काय, हे मी पानावरून एकेक ओळ सोडवून समजून घेतो.

ही रचना 1810 ची. बीथोव्हेन 1827 साली गेला आणि ती छापली गेली 1867 साली. जगातल्या बहुतेक नवशिक्यांना तिचा सुरुवातीचा भाग येतो, कारण तिथे दोन्ही हात आळीपाळीने बोलतात. एक बोलतो तेव्हा दुसरा बहुतेक गप्प असतो. पण पुढच्या भागात उजव्या हाताला एकदम बारीक, धावते सूर येतात. त्याच्याही पुढे डावा हात एकच खर्ज सारखा ठोकत राहतो आणि वर जड स्वरसमूह येतात. आता हिची पायरी कोणती म्हणायची? माझं उत्तर पक्कं आहे. रचनेची पायरी तिच्या सगळ्यात अवघड जागेवरून ठरते, सरासरीवरून नाही. दोरखंड त्याच्या सगळ्यात विरलेल्या जागीच तुटतो.

लंडनच्या असोसिएटेड बोर्डाने 1889 पासून पियानोच्या परीक्षांची घडी बसवली. आज तिच्या आठ ग्रेड आहेत. तिथेही पानावरचे सूर मोजून भागत नाही. मोत्सार्टने 1788 साली एक सोनाटा रचून आपल्या यादीत ती ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून लिहिली. तिच्या पाचव्या मापापासून सरळ सप्तकं धावतात. ती एकसारखी वाजवून बघा, एक बोट जरा जड पडलं तरी लपत नाही. शोपँचं ए मेजरमधलं प्रील्यूड अवघ्या सोळा मापांचं आहे. सगळं हाताखालून सहज जातं आणि मग एका जागी असा पसरट स्वरसमूह येतो की लहान पंजा तिथे पोचतच नाही. त्या एका मापासाठी दहा वर्षांच्या मुलाला ते देता येत नाही. बीथोव्हेनच्याच ‘मूनलाइट’ सोनाटाचा पहिला भाग संथ म्हणून सोपा समजतात. पण तिथे उजव्या हाताची आतली बोटं तिहेरी सूर चालवतात आणि करंगळी वरची चाल गाते. एकाच हातात दोन वजनं! हे मला शेवटच्या भागाच्या वादळाइतकंच कठीण वाटतं.

अवघडपणाची चढाओढही झालेली आहे. बालाकिरेव्हच्या ‘इस्लामे’हून कठीण काही लिहायचं ठरवून राव्हेलने 1908 साली ‘स्कार्बो’ लिहिलं. त्या वाटेने मी या मुलाला नेणार नाही.

संध्याकाळी ५

वर्ग. लहानांचे पलटे, मग भूप, मग दुर्गा. अकरावीतला मुलगा शेवटी बसतो. त्याला मी ‘फ्युर एलिझ’ सुरुवातीपासून वाजवू देत नाही, धावत्या सुरांच्या जागेवर बसवतो. निम्म्या लयीत, एकटा उजवा हात. तो म्हणतो, “सर, पहिलं वाजवू ना, ते येतं मला.” येतं म्हणूनच आज ते नको. तासाभरात दोन मापं सरळ होतात. त्याचा चेहरा उतरलेला असला तरी माझ्या दृष्टीने आज त्याची प्रगती सगळ्यात जास्त झाली. माझ्या वहीत त्याच्यासाठी मधे एक पायरी घालतो. आधी मोत्सार्टची ती पाचव्या मापापासूनची ओळ, महिनाभर, आणि मग पुन्हा इथे.

रात्री ९

भजनी मंडळाच्या सरावानंतर एका पालकांचा फोन येतो. “मुलीला कुठली ग्रेड जमेल?” मी त्यांना सांगतो, उद्या तिला घेऊन या, आणि ती जिथे थांबते ती जागा मला ऐकू द्या.

कीबोर्ड घेणाऱ्यांना मात्र एक विनंती आहे. स्वस्त कीबोर्डवर बोट हलकं पडो की जोरात, आवाज तेवढाच येतो. त्यावर करंगळीचं वजन आणि सुरांचा एकसारखेपणा कधी तपासताच येत नाही, आणि अवघड रचना खोटीच सोपी वाटते. मुलांसाठी घेताना बोटाच्या दाबाप्रमाणे आवाज लहान-मोठा करणाराच घ्या, आणि दुकानात वाजवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.