ओव्हन स्वतः साफ होतो, घर मात्र आपण सांभाळायचे

वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, बोर व्याघ्र प्रकल्पाच्या वाटेवर हिंगणी हे गाव आहे. तिथे आमच्या नात्यातल्या एका घरात शाबानच्या शेवटी रमजानची साफसफाई चालली होती. आखातात नोकरी करून परतलेल्या मुलाने नव्या स्वयंपाकघरात भिंतीत बसवलेला मोठा ओव्हन घेतला होता. वर्षभर त्यात मुर्ग, नान, केक झाले आणि आत तेलाचा काळा थर चढला. ओव्हनवर ‘सेल्फ क्लीन’चे बटण होते. सूनबाई म्हणाल्या, ‘‘अम्मी, रात्री बटण दाबून झोपू. सकाळी आतून चकाचक!’’

दम्याचा त्रास असलेल्या अम्मी एवढेच म्हणाल्या, ‘‘बेटा, आग चालू ठेवून झोपायचे?’’

त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता. मदीनेत एका रात्री एक घर जळाले, तेव्हा आग ही तुमची शत्रू आहे, झोपण्यापूर्वी ती विझवत जा, अशी ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली होती. तेव्हा दिवे होते, आज बटणे आहेत. ताकीद तीच आहे.

हे बटण नेमके काय करते? जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीने 1963 मध्ये असा ओव्हन बाजारात आणला. त्यात पाणी किंवा साबण लागत नाही. ओव्हन दोन ते चार तास सुमारे 480 ते 500 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. केक साधारण 180 अंशांवर होतो, यावरून अंदाज घ्या. त्या उष्णतेने तेल-मसाल्याचा थर जळून राख होतो. दार आपोआप कुलूपबंद होते. पण थर जळताना धूर निघतो, त्यात कार्बन मोनॉक्साइडही असतो. दमेकरी, लहान मुले आणि गरोदर स्त्रियांनी त्यापासून दूर राहावे.

सर्वात मोठा धोका पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना असतो. त्यांची श्वसनक्रिया फार वेगळी व नाजूक असते. नॉनस्टिक भांड्यांचा लेप फार तापला की निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. हिंगणीच्या त्या घरात लव्हबर्डचा पिंजरा स्वयंपाकघराच्या खिडकीतच टांगलेला होता!

शेवटी माहितीपुस्तिका वाचून काम दिवसा केले. पिंजरा शेजारी पोहोचवला, अम्मी मुलांना घेऊन अंगणात बसल्या. पहिला तासभर धूर निघत राहिला. रात्री सगळे झोपेत असते तर, हा विचार सर्वांच्याच मनात आला.

तुमच्याकडे असा ओव्हन असेल तर एवढे जरूर पाळा :

• आधी जाळ्या, ट्रे, नॉनस्टिक भांडी आणि अॅल्युमिनियम फॉइल बाहेर काढा. पुस्तिकेत परवानगी नसेल तर जाळ्या आत ठेवू नका. त्यांची चमक जाते.
• तळाशी साचलेले तेल व अन्नाचे तुकडे ओल्या फडक्याने पुसून घ्या. धूर कमी होतो, आगीचा धोकाही.
• बाजारातला क्लीनर आत फवारू नका. दाराभोवतीचे सील घासू नका.
• खिडक्या उघडा, चिमणी किंवा एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा. घरात कोणीतरी जागे हवे.
• दाराची काच बाहेरूनही तापते. मुलांना जवळ येऊ देऊ नका.
• आत ज्वाळा दिसल्या तर दार उघडायचा प्रयत्न करू नका. मेन स्विच बंद करा, सर्वांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला कळवा.
• मध्येच वीज गेली तर दार ओढू नका. ओव्हन थंड होऊ द्या.
• पूर्ण थंड झाल्यावर राख ओल्या कपड्याने पुसा.

आणखी एक गोष्ट. इतक्या उष्णतेने कधी कधी आतला फ्यूज उडतो आणि ओव्हन बंद पडतो. म्हणून चाँदरातीला हे काम काढू नका. ईदच्या दोन आठवडे आधी उरका.

आपल्या काही घरांत मात्र साधा ओटीजी असतो. त्यात ही सोय नसते. तो रिकामा तासन्‌तास तापवून साफ होत नाही, उलट बिघडतो. त्याचा प्लग काढा, थंड होऊ द्या, खाण्याच्या सोड्यात थोडे पाणी घालून लेप करा आणि आतल्या भिंतींना लावा. तापणाऱ्या सळ्यांना लेप लागू देऊ नका. काही तासांनी ओल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण सुकल्यावरच प्लग लावा.

आपल्या दीनमध्ये स्वच्छतेला ईमानचा अर्धा भाग मानले आहे. जीव सांभाळणे हीही अमानतच आहे. हिंगणीच्या त्या घरात संध्याकाळी मूठभर राख निघाली, पिंजरा परत खिडकीत आला. सूनबाई अम्मींना म्हणाल्या, ‘‘पुढच्या वर्षीही दिवसाच करू.’’

अल्लाह आपल्या सर्वांच्या घरांचे रक्षण करो. आमीन.