शाईची खूण

१९९६ साली माझ्या आईला चौथ्यांदा रक्त भरावे लागले. दोन-तीन महिन्यांत हिमोग्लोबिन पुन्हा उतरायचे, शौचाला काळे व्हायचे. तोंडातून दुर्बीण घालून जठर पाहिले, खालून घालून मोठे आतडे पाहिले. दोन्ही अहवालांत शब्द एकच : 'नॉर्मल'. मग रक्त जात होते कुठून? पुढच्या वर्षी आई गेली. तो शब्द मात्र माझ्याजवळ राहिला. मी डॉक्टर नाही. माझे आयुष्य हिशेबाच्या वह्या तपासण्यात गेले. पण त्या शब्दाचा अर्थ लावण्यासाठी गेली काही वर्षे जमेल तसे शोधनिबंध वाचत आलो. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

जठर आणि मोठे आतडे यांच्यामध्ये सुमारे सहा मीटर लांबीचे लहान आतडे असते. दोन्ही टोकांचा थोडा भाग सोडला, तर पोट उघडल्याशिवाय तिथे दुर्बीण पोहोचत नसे. अडचण दुर्बिणीच्या लांबीची नव्हती. लहान आतडे पोटात सैल, वेटोळे घेऊन असते. दुर्बीण रेटली की वेटोळे ताणून मोठे होते. सगळा जोर ताणण्यात जातो आणि टोक जागचे हलत नाही.

जपानच्या जिची वैद्यकीय विद्यापीठातील हिरोनोरी यामामोतो यांनी यावर काढलेला तोडगा २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या दुर्बिणीवर एक मऊ बाह्यनळी असते आणि दुर्बीण व नळी या दोन्हींच्या टोकाला एकेक फुगा असतो. दुर्बीण पुढे सरकवायची, तिचा फुगा फुगवून आतडे आतून धरायचे, मग नळी तिच्यावरून पुढे न्यायची व नळीचाही फुगा फुगवायचा. आता दोन्ही हलकेच मागे ओढायच्या. परकरात नाडी ओवताना कापड चुण्या होऊन नाडीवर गोळा होते, तसे आतडे नळीवर गोळा होते. मग दुर्बिणीचा फुगा सोडून ती पुन्हा पुढे. अशा आवर्तनांनी दोन मीटरची दुर्बीण तिच्याहून कितीतरी लांब आतडे पाहू शकते.

पण संपूर्ण आतडे पाहिले, हे सिद्ध कसे करायचे? मला सर्वांत भावली ती ही पायरी. बहुतेक वेळा एका बाजूने सगळे आतडे पार होत नाही. म्हणून तोंडावाटे जिथवर पोहोचता आले, तिथे आतड्याच्या आतल्या अस्तरात सुईने काळी शाई टोचतात. नंतर गुदमार्गाने उलट्या दिशेने येतात. ती शाई दिसली तरच आतडे पूर्ण पाहिले असे म्हणता येते. हिशेबाच्या भाषेत हा ताळा झाला. आणि शाई दिसली नाही, तर मधला तुकडा न पाहिलेला राहिला हेही तितक्याच स्पष्टपणे कळते.

यामामोतो यांच्या गटाने २००४ साली १२३ रुग्णांवरील १७८ तपासण्यांचा अहवाल दिला. संपूर्ण आतडे पाहण्याचा प्रयत्न २८ वेळा झाला. २४ वेळा तो साधला. रक्तस्राव असलेल्या ६६ रुग्णांपैकी ५० जणांत उगम सापडला. गंभीर त्रास दोनदा झाला, त्यांपैकी एकदा आतड्याला छिद्रे पडली. पुढे एक फुगा पुरे की दोन हवेत, याच्या तुलनाही झाल्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील १०० रुग्णांच्या चाचणीत दोन फुग्यांनी ६६ टक्के, तर एका फुग्याने २२ टक्के वेळा संपूर्ण आतडे पाहता आले. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या युरोपीय चाचणीत हे आकडे १८ आणि ११ टक्के होते; आजाराचे कारण सापडण्यात मात्र दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे 'आतडे तपासले' एवढ्या दोन शब्दांवर भागत नाही. किती तपासले, हे विचारावेच लागते.

गिळायची कॅमेऱ्याची कॅप्सूल याच सुमारास आली. ती रुग्णाला सोपी, पण तिला थांबवता येत नाही आणि तिला तुकडाही काढता येत नाही. फुग्याच्या दुर्बिणीतून बायोप्सी घेता येते, रक्तस्राव थांबवता येतो, अरुंद जागी अडकलेली कॅप्सूलही काढता येते. आपल्या देशात बायोप्सीचे मोल अधिक आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्सचा आजार दिसायला सारखे असतात, उपचार मात्र वेगळे. क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले आणि असला क्षय, तर तो बळावतो.

आईच्या वेळी हे काहीच नव्हते, म्हणून मी कोणाला दोष देत नाही. तिचे दोन्ही अहवाल माझ्या कपाटात अजून आहेत. त्यांतला 'नॉर्मल' खोटा नव्हता. जेवढे पाहिले तेवढ्यापुरताच तो होता, एवढेच कोणी लिहिले नाही. आज कोणाच्या हातात असा अहवाल पडला आणि रक्त उतरतच राहिले, तर डॉक्टरांना एवढे जरूर विचारावे : कुठपर्यंत पाहिले?